धाकटीचे चेहरे

दुकानवालीने गठ्ठ्यातून नेमकं तेच कार्ड उचललं, उजेडाकडे धरलं आणि विचारलं, "हा हात कुणाचा?"

गठ्ठा सगळा थोरलीचा होता. शिक्के तिचे, कागद तिचा, मार्कर तिचे, मान मोडेपर्यंत वाकून बसणं तिचं. त्यात एकच कार्ड तिच्या धाकट्या जावेचं, आणि तेही थोरलीनेच मोठ्या मनाने आत सरकवलेलं. मोठं मन दाखवायची हौस माणसाला कुठे नेऊन आपटेल, सांगता येत नाही.

"आमच्या धाकटीचा," थोरली म्हणाली. "नुकतीच शिकतेय. मीच शिकवते."

"ही शिकतेय?" दुकानवाली हसली. "अहो, या पोरीच्या गालाला बोट लावलं तर ऊब लागेल!"

थोरलीही हसली. हसताना दात एकमेकांवर घट्ट बसले होते, ते दुकानवालीला दिसलं नाही.

कागद, शाई आणि रबरी शिक्के विकणाऱ्या या दुकानात थोरली लग्नाआधीपासून येत होती. काम ऐकायला सोपं. शिक्का इंकपॅडवर टेकवायचा, जाड गुळगुळीत कागदावर दाबायचा, की चित्राची नुसती काळी रेघ उमटते. छत्रीतली मुलगी, सायकलवरचे आजोबा, कडेवर मूल घेतलेली बाई. मग अल्कोहोल मार्करने त्यात रंग भरायचे. फ्रॉक आणि छत्र्या काय, कुणीही रंगवील. खरी परीक्षा चेहऱ्याची. कपाळावरचा रंग वेगळा, केसांच्या सावलीतला वेगळा, हनुवटीखालचा आणखी वेगळा. आणि हे सगळे ओले असतानाच एकमेकांत विरवावे लागतात, नाहीतर चेहऱ्यावर नकाशासारख्या हद्दी पडतात.

थोरलीने हे सगळं पद्धतशीर शिकून घेतलं होतं. ती मुळात रसायनशास्त्राची पदवीधर. लेक ठकी झाल्यापासून ती पदवी फक्त डब्या-बाटल्यांवरची बारीक अक्षरं वाचण्याच्या कामी येत होती. तापाचं औषध असो की फरशी पुसायचं पाणी, पाठीमागचं सगळं वाचल्याशिवाय वस्तू घरात यायची नाही. मार्कर उघडायचे तर खिडकी उघडी, ठकी दुसऱ्या खोलीत, आणि टोपणं ताटलीत मोजल्यासारखी मांडलेली. एक जरी दिसेनासं झालं की आधी ठकीचं तोंड उघडून बघायचं. "टोपण खुर्चीखाली आहे गं," असं सासूबाई म्हणायच्या, "पण तू आधी पोरीच्या घशात शोध."

या सगळ्यातून तिला एकच गोष्ट हवी होती. दुकानाच्या वरच्या रिकाम्या खोलीत दुकानवाली शनिवारचा वर्ग काढणार होती. दुपारचा थोडाच वेळ. पण त्या वेळात तिला कुणी 'आई' म्हणून हाक मारणार नव्हतं, 'वहिनी' म्हणणार नव्हतं, 'अगं, ऐकलंस का' म्हणणार नव्हतं. समोरच्या बायका तिला 'मॅडम' म्हणतील. सगळं वर्ष ती या शनिवाराला मनातल्या मनात खतपाणी घालत होती. दुकानवालीनेही "तुम्हीच घ्या की" असं दोनदा म्हटलं होतं.

आता ते कार्ड हातातून खाली न ठेवता दुकानवाली म्हणाली, "असं करू या का? तुम्ही दोघी एकच चित्र रंगवून आणा. हा घ्या शिक्का, आई आणि कडेवरचं मूल. तीन ठसे मारा, एक गोरी आई, एक गव्हाळ, एक सावळी. जास्त जमेल ते मी दुकानाच्या दर्शनी काचेत लावीन, आणि ज्याचं काचेत त्याचा वर्ग. तुमच्या घरातच राहील ना काहीही झालं तरी!"

काहीही झालं तरी घरातच. जणू घर म्हणजे एकच माणूस.

*

धाकटी वरच्या मजल्यावर राहायची आणि दिवसाचा बराच भाग खालीच काढायची. लग्न होऊन आली तेव्हा थोरलीला बरं वाटलं होतं. बोलायला कुणीतरी झालं. धाकटी हसरी, धसमुसळी, कपात चमचा विसरणारी. मार्कर हातात घेतला तेव्हा तिने उलटा धरून स्वतःच्या तळहातावर रेघ ओढली आणि "ताई, वास काय मस्त येतो गं," म्हणाली. थोरलीने तिला सगळं शिकवलं. खाली टाकाऊ कागद ठेव, रंग आरपार जातो. फिकटाने सुरुवात कर. गडद लाव, आणि त्याची कड ओली आहे तोवर पुन्हा फिकट फिरव.

धाकटीने ऐकलं सगळं आणि केलं मात्र भलतंच. थोरलीने चौकटी आखून प्रत्येक छटेचा नमुना केलेला कागद भिंतीवर लावला होता. कुठल्या रंगाशेजारी कुठला, सावलीला कुठला. धाकटी त्याच्याकडे ढुंकूनही बघायची नाही. ती माणसांकडे बघायची. मार्करचं टोपण सासूबाईंच्या मनगटाला लावून बघायची. सासूबाई एरवी कुणाला मनगट धरू द्यायच्या नाहीत, पण तिच्यापुढे हात पसरून बसायच्या.

"आई, तुमच्या कोपरात हिरवा आहे."

"माझ्या कोपरात सांधेदुखी आहे," सासूबाई म्हणायच्या, आणि दोघी खिदळायच्या. थोरली स्वयंपाकघरातून ऐकायची आणि नळ जरा मोठा सोडायची.

सावळे चेहरे हे तर धाकटीचं राज्यच होतं. थोरली सावळ्या रंगाला तपकिरी लावायची आणि सावलीला त्यावर करडा. कागदावरच्या नमुन्यात ते अगदी शिस्तीत दिसायचं. चेहऱ्यावर मात्र राख फासल्यासारखं व्हायचं. धाकटी सगळ्यांत आधी सावलीच्या जागी फिकट जांभळा लावायची, चक्क जांभळा, आणि त्यावर तपकिरी चढवत जायची. बघताना वाटायचं, बिघडवलं हिने. मग कुठल्याशा क्षणी तो जांभळा खाली बुडायचा आणि चेहरा आतून उजळल्यासारखा वर यायचा.

"असं का करतेस?" थोरलीने एकदा विचारलं होतं.

"कुणास ठाऊक. करून बघितलं, झालं."

थोरलीच्या जिवाला लागायचं ते हेच. झालं! तिच्या स्वतःच्या आयुष्यात काहीही असं आपोआप झालं नव्हतं.

आणि ठकी. ठकी चार वर्षांची, आईला लोचटासारखी चिकटणारी. पण काकू रंगवायला बसली की काकूच्या मांडीवर. त्या आठवड्यात दोघींचे सरावाचे कागद टेबलावर शेजारी शेजारी वाळत होते. ठकीने दोन्ही सावळ्या आया न्याहाळल्या आणि निकाल दिला.

"काकूची आई छान आहे. तुझी आई आजारी आहे."

"आजारी नाही गं, तिच्यावर सावली आहे."

"नाही. तिला ताप आहे," ठकी म्हणाली, आणि त्या राखट कपाळावर बोट टेकवून बघितलं, अगदी थोरली तिच्या कपाळावर हात ठेवते तसं.

धाकटी खळखळून हसली. थोरलीनेही हसून घेतलं. मग तिने ठकीला दूध प्यायला बोलावलं, जे तिने नुकतंच प्यायलं होतं.

*

आता इंकपॅडची गोष्ट.

थोरलीचा जुना काळा पॅड वाळत आला होता. त्यातली उरलीसुरली शाई तिने आपल्या तीन ठशांसाठी वापरून घेतली, ठसे नीट उमटले, आणि नवा पॅड आणायला नवऱ्याला सांगितलं. नवऱ्याने आणला तो पक्क्या शाईचा. "काचेवर, पत्र्यावर, कापडावर, कशावरही टिकते म्हणे," तो म्हणाला. त्याच्या चेहऱ्यावर मोठी शिकार करून आल्याचा आनंद होता. थोरलीने सवयीने डबी पालथी केली. तळाला मुंगीएवढ्या अक्षरांत लिहिलं होतं की ही शाई स्पिरिटने निघते. म्हणजे अल्कोहोल मार्कर फिरला की रेघ गेलीच. तिने डबी परत करायला म्हणून टेबलाच्या कडेला ठेवली.

दुसऱ्या दिवशी दुपारी धाकटी आपला कागद घेऊन खाली आली. थोरली समोर बसून आपली गोरी आई संपवत होती. ठकी आत झोपली होती.

"ताई, पॅड कुठला घेऊ? जुना तर सुकलाय."

थोरलीने मान वर केली नाही. गोऱ्या गालावरची कड ओली होती. ती सोडता येत नाही, हे खरं होतं. पण एक वाक्य बोलायला गालाची कड आड येत नाही, हेही खरंच होतं.

"हा नवा दिसतोय. हा घेऊ?"

"बघ ना," थोरली म्हणाली.

घे म्हणाली नाही, नको म्हणाली नाही. बघ ना. पुढे तिने या दोन शब्दांची मनात फार वकिली केली. बघ म्हणजे वाच, तळाला लिहिलंय ते वाच, मोठी आहेस, शिकलेली आहेस. पण त्या क्षणी तिला पक्कं ठाऊक होतं की धाकटीने आयुष्यात कुठल्याही डबीचा तळ वाचलेला नाही.

धाकटीने तीन ठसे मारले. सुंदर उमटले, काळेकुळकुळीत, एक रेघ तुटली नाही. फुंकर घातली, बोट लावून बघितलं, वाळलं होतं. मग थोरलीच्या डब्यातला सगळ्यांत फिकट मार्कर उचलला आणि गोऱ्या आईच्या गालावर टेकवला.

रेघ सुटली. जबड्याची काळी कड फुटून गालात उतरली, तिथून मानेत. घाबरून धाकटीने वरून आणखी एक हात फिरवला, तसा नाकाचाही काळा ओघळ झाला.

"अगं बाई!" धाकटी ओरडली. "हिचं तर काजळ उतरलं! ताई, बघ बघ, रडतेय ही!"

थोरलीने बघितलं. आठवड्यात पहिल्यांदा तिला बरं वाटलं. तेवढ्यात तिचं लक्ष मार्करकडे गेलं. तिचा फिकट मार्कर, ब्रशसारख्या मऊ टोकाचा, जो ती ठकीलाच काय नवऱ्यालाही हात लावू द्यायची नाही, त्याचं टोक काळं ठिक्कर पडलं होतं.

"माझा मार्कर!"

"सॉरी, सॉरी, ताई, थांब." धाकटीने टाकाऊ कागदावर ते टोक घासायला सुरुवात केली. काळं, मग करडं, मग मळकं, मग हळूहळू पुन्हा फिकट. ती घासत बसली आणि थोरली बघत बसली. दुसऱ्याचं घर जाळायला जाऊन आपलंच छप्पर पेटवलं, अशी तिची गत झाली होती, आणि तक्रार करायचीही सोय नव्हती.

"काय झालं असेल गं?" धाकटीने विचारलं. "जोरात दाबलं का मी?"

"असेल," थोरली म्हणाली.

धाकटीने खराब कागदाकडे बघून उसासा टाकला. थोरलीला वाटलं, आता म्हणेल की जाऊ दे, तूच ने तुझं. तसं म्हणेल असं वाटून तिने मनात उदारपणे दोन-तीन वाक्यंही जुळवली. पण धाकटीने वाळलेला जुना पॅड ओढला, त्यावर शिक्का चांगला रगडला आणि कोऱ्या कागदावर दाबला. उमटलं ते नुसतं भूत. रेघ इतकी फिकी की तिरकं धरल्याशिवाय दिसू नये.

"एवढं बास झालं," ती स्वतःशीच म्हणाली. "कुठे काय आहे ते तर कळतंय."

आणि रंगवायला लागली. फिकट रंगाखाली ती पुसटशी रेघ दिसेनाशी झाली. गाल कुठे संपतो हे सांगायला आता काळी कड नव्हती; ते काम सावलीला करावं लागत होतं, आणि धाकटीच्या सावल्या ते करत होत्या. शेवटी तिने टोकदार पेन्सिलीने डोळे आणि ओठांची फट तेवढी काढली. तीन आया, तीन पोरं, कुणालाच कुंपण नाही. सावळी आई तर अशी वळून बघत होती, की थोरलीला वाटलं आता ही आपल्याला काहीतरी विचारील.

सासूबाई चष्मा शोधत आल्या, तो डोक्यावरच होता, आणि टेबलाशी थबकल्या. "हे कुणी केलं? ही शिक्क्याची वाटतच नाहीत. माणसं वाटतात."

थोरली खिडकी बंद करायला उठली. खिडकी आधीच बंद होती. म्हणजे दोघी इतका वेळ वास कोंडून बसल्या होत्या आणि तिच्या, तिच्या ते लक्षातही आलं नव्हतं.

*

शनिवारी दोघी दुकानात गेल्या. ठकी मध्ये, एक हात इकडे एक तिकडे. दुकानवालीने काउंटरवरचा पसारा कोपराने बाजूला सारला आणि दोन्ही कागद शेजारी ठेवले. थोरलीचं काम स्वच्छ होतं. एक रंग रेघेबाहेर गेला नव्हता. आणि ते शेजारच्या कागदापुढे पाठ केलेल्या कवितेसारखं दिसत होतं.

दुकानवालीला काही बोलावंच लागलं नाही. तिची नजर धाकटीच्या कागदावरून हलेना.

"काळी रेघ कुठे गेली?"

धाकटी हसत हसत सांगू लागली. नवा पॅड, उतरलेलं काजळ, तिचं ओरडणं, ताईचा मार्कर. सांगायची हातोटी अशी की दुकानवाली काउंटरला धरून हसायला लागली. तेवढ्यात मागून एक बाई पुढे आल्या. त्या पलीकडच्या रस्त्यावरच्या दातांच्या डॉक्टर. त्यांच्या हातात पिशवी होती आणि चेहऱ्यावर दाढ उपटतानाचा भाव.

"म्हणजे तुमचंही पसरलं?" त्या म्हणाल्या. "मी भांडायलाच आलेय. माझा आख्खा संच गेला, सगळी टोकं काळी. हे मार्कर नकली आहेत!"

"माझ्याकडे नकली माल?" दुकानवालीचं हसू विझलं. "ताई, या दुकानात मी नकली पेन्सिलही ठेवत नाही."

"मग पसरतं कसं?"

"तुम्ही ओल्यावर रंगवलं असेल."

"मी दातात सिमेंट भरते. ओलं-सुकं मला शिकवू नका."

आवाज चढले. बाकीच्या गिऱ्हाइकांनी माना वळवल्या. दुकानवालीने धाकटीकडे बघितलं, "तुम्ही सांगा ना, का पसरतं?"

"मला काय माहीत," धाकटी म्हणाली. "माझंही पसरलं. मी दुसरी वाट धरली."

या दुकानात, या सगळ्या बायकांसमोर, जे धाकटीला ठाऊक नव्हतं ते थोरलीला ठाऊक होतं. इतके दिवस पोटात जळत असलेलं आता घशाशी आलं आणि शहाणपण होऊन बाहेर पडलं.

"मार्करचा काही दोष नाही," ती म्हणाली. आवाज अगदी वर्गातल्यासारखा निघाला, स्वच्छ आणि चढ-उताराचा. "दोष शाईचा आहे. ही पक्की शाई पाण्याने हलत नाही, पण स्पिरिटमध्ये विरघळते. आणि या मार्करमधला रंग स्पिरिटमध्येच कालवलेला असतो. म्हणजे मार्कर फिरवणं म्हणजे रेघ पुसणंच. वाळून कितीही वेळ झाला तरी. काच, पत्रा, कापड यासाठी ती चांगली. आपल्या कामाला साधी शाई हवी. डबीच्या तळाला लिहिलेलं आहे, बारीक अक्षरांत, खालून दुसऱ्या ओळीत."

दातांच्या डॉक्टरांनी पिशवीतून डबी काढून पालथी केली, डोळ्यांजवळ नेली. "आहे खरंच!"

"वा!" दुकानवालीने सुटकेचा श्वास सोडला. "बघा! याला म्हणतात मॅडम. हात काय, ईश्वर देतो. पण कारण सांगता आलं पाहिजे. चित्र धाकट्या बाईंचं काचेत लावू, पण वर्ग तुमचाच."

मॅडम. ज्या शब्दासाठी सगळं वर्ष काढलं तो शब्द असा भर दुकानात, चारचौघांसमोर कानावर पडला, आणि थोरलीला तो पुरता ऐकूही आला नाही, कारण धाकटी तिच्याकडे बघत होती. डॉक्टरांच्या हातातल्या पॅडच्या डबीकडे, मग थोरलीच्या रिकाम्या हातांकडे, मग पुन्हा तिच्या तोंडाकडे.

"ताई," ती हळूच म्हणाली, "तू तर डबी हातातही घेतली नाहीस."

*

परतताना ठकी मध्ये नव्हती. धाकटीने तिला कडेवर घेतलं होतं आणि ती दोन पावलं पुढे चालत होती.

"तुला ठाऊक होतं," धाकटी मागे न बघता म्हणाली.

"हो."

"समोर बसून बघत होतीस."

"हो."

"आणि मी तुझ्या मार्करसाठी सॉरी सॉरी करत होते, गाढवासारखी." ती थोडं हसली, पण ते हसू तिच्या नेहमीच्या हसण्यातलं नव्हतं. "अगं, मागितलं असतंस तर मी आलेच नसते. मला कुठे वर्ग घ्यायचाय! चार बायकांसमोर बोलायचं म्हटलं की माझ्या पोटात गोळा येतो. मी तर तुझ्यासोबत बसायला मिळतं म्हणून रंगवत होते."

थोरलीने पावलं उचलून तिला गाठलं. मग जे बोलू नये तेच बोलली. "मला तू सोडलेला वर्ग नको होता."

"मग जिंकलेला घे," धाकटी म्हणाली, आणि जिन्यावरून वर निघून गेली. ठकीला तिने खाली दारात ठेवलं होतं. ठकीने वर बघितलं आणि आईकडे बघून विचारलं, "काकूला ताप आलाय?"

दुसऱ्या दिवशी धाकटी खाली आली नाही. त्याच्या दुसऱ्या दिवशी आली ती सासूबाईंच्या गोळ्या द्यायला, आणि दारातूनच गेली. सासूबाईंनी दोघींना आळीपाळीने न्याहाळलं. "घरात दोन मांजरं पाळली असती तरी बरं," त्या भिंतीला म्हणाल्या, "निदान भांडताना आवाज तरी करतात."

*

पहिला वर्ग छान झाला. दुपारची खोली, लांब टेबल, उघड्या खिडक्या. त्या उघड्या असल्याची थोरलीने जातीने खात्री केली होती. कागद कसा निवडायचा, शाई कुठली, फिकटाने सुरुवात का. बायका 'मॅडम, मॅडम' करत होत्या. दातांच्या डॉक्टर सगळ्यांत पुढे बसल्या होत्या, हात दगडासारखा स्थिर.

"मॅडम, हे काचेतलं चित्र आहे ना," त्यांनी विचारलं, "त्यातली सावळी आई. तसं शिकवा ना. माझी भाची अगदी त्या रंगाची आहे. तिच्या वाढदिवसाचं कार्ड करायचंय, आणि मला ती राखेतून उठलेली नकोय."

सगळ्या बायकांनी कान टवकारले. थोरलीच्या हातात तपकिरी मार्कर होता आणि शेजारी करडा.

"ते पुढच्या वेळी," ती म्हणाली.

त्या आठवड्यात ठकी झोपली की ती रोज बसली. जांभळा खाली, तपकिरी वर. धाकटीचा हात तिने इतक्या वेळा चोरून बघितला होता की तो तिला पाठ होता. तरी होईना. जांभळा बुडायचाच नाही, तिथेच तरंगत राहायचा. एक कागद, दुसरा कागद. काचेतल्या त्या चित्रावरून जाताना ती रोज मान दुसरीकडे वळवायची, आणि रोज शेवटच्या क्षणी वळून बघायची. शेवटी एका दुपारी तिने त्यातल्या त्यात बरा कागद उचलला आणि वरच्या मजल्यावर जाऊन दार वाजवलं.

धाकटीने दार उघडलं. कपाळावर आठी. तिने थोरलीच्या हातातला कागद बघितला, आणि आठी टिकवायचा खूप प्रयत्न केला.

"ही काय," ती म्हणाली, "मारामारी करून आलीय का?"

थोरलीने बघितलं. खरंच, डोळ्याखाली, जबड्यावर, मानेवर जांभळे डाग. त्या बिचाऱ्या आईला कुणीतरी बडवून काढलं होतं, आणि कडेवरच्या पोरालाही. थोरलीच्या तोंडून हसू फुटलं आणि लगेच डोळ्यांत पाणी आलं.

"मला येत नाही," ती म्हणाली. "मी तुझ्यावर जळते. तू बघतेस ते मला दिसत नाही. ठकीसुद्धा तुझ्याच मांडीवर बसते. मला फार राग येतो तुझा."

"मलाही तुझा आलाय," धाकटी म्हणाली. "अजून गेलेला नाही. जाईल असं समजू नकोस एवढ्यात."

"नाही समजत."

दोघी उंबऱ्यात उभ्या. आत कुठेतरी चहा उकळून खाली सांडल्याचा वास आला आणि धाकटी तशीच उभी राहिली.

"शिकवीन," ती शेवटी म्हणाली. "पण तुला एकटीला नाही. तुला शिकवलं तर तू त्याची चौकट आखून भिंतीवर लावशील. तुझ्या त्या बायकांना शिकवीन, एकदाच. आणि तू मागे बसायचं. मध्ये बोलायचं नाही. कारण सांगायचं नाही."

"तुझ्या पोटात गोळा येतो ना बोलताना?"

"येऊ दे. तो माझा मी बघेन."

थोरलीच्या जिभेवर आलं होतं, की वर्ग माझा आहे. ते तिने गिळलं, आणि ते घशातून उतरताना चांगलंच टोचलं.

शनिवारी धाकटी टेबलाच्या डोक्याशी बसली. सुरुवातीला आवाज कापला, एक टोपण हातातून निसटून घरंगळत गेलं. मग तिने दातांच्या डॉक्टरांचा हात मागितला, मनगट उलटं केलं, त्याला मार्करची टोपणं लावून बघू लागली आणि बोलायचं विसरून गेली. तिथेच वर्ग सुरू झाला. बायका उठून तिच्याभोवती गोळा झाल्या. "जांभळा इतका थोडा?" "आणि लगेच वर? वाळू न देता?" "अय्या, गेला बघ खाली!" ठकी काकूच्या मांडीवर चढून बसली होती आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होती, "ही माझी काकू आहे."

थोरली मागच्या खुर्चीवर होती. तिथून नुसत्या पाठी दिसत होत्या. आज तिला कुणी मॅडम म्हटलं नव्हतं, आणि आत तीच जुनी आग होती, एक ठिणगीही कमी झालेली नव्हती. ती सरळ होऊन बसली. मग उठली, खुर्चीवर एक गुडघा टेकवला, आणि दोन पाठींच्या फटीतून, मान जमेल तेवढी लांब करून, धाकटीचा हात बघू लागली.